लाखोळीची लांबची बहीण

गुरुवार, ४ मे २०२३ : सॉल्ट लेक सिटी ते मोआब

आईला अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले होते आणि इथलं काहीही तिला पटलेलं नव्हतं. कोथिंबिरीला वास नाही, दुधाला साय नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहायची आणि विचारायची, "माणसं कुठं गेली वं सगळी?" शेवटी मी चार दिवसांची रजा टाकली. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून दोघीच निघालो.

मोआबला लोक जातात ते दगडाच्या कमानी बघायला. आईलाही मी तेच सांगितलं होतं. खरं तर मला एक रानफूल गाठायचं होतं. कॉलेजात असताना कासच्या पठारावर कवल्याच्या पिवळ्या फुलांपुढे पालथं पडून फोटो काढायचा नाद लागला, तो इथं आल्यावरही सुटला नाही. शेंगांच्या कुळातलं काही दिसलं की मी गाडी थांबवते. या कुळातली ॲस्ट्रागॅलस नावाची प्रजाती फुलझाडांत सगळ्यात मोठी आहे. तिच्यात जवळजवळ तीन हजार जाती आहेत, आणि एकट्या युटा राज्यात शंभराच्या वर. त्यातली एक जात मला हवी होती, आणि तिच्यामागे एक गोष्ट होती. ती गोष्ट आईला शनिवारी सांगायची असं ठरवलं होतं.

स्पॅनिश फोर्कच्या खिंडीत शिरल्यावर डाव्या-उजव्या डोंगरांवर अजून बर्फ होतं. त्या हिवाळ्यात युटात विक्रमी बर्फ पडलं होतं आणि ओढे दोन्ही काठ सोडून वाहत होते. थिसल गावाची जागा लागली. १९८३ मध्ये दरड कोसळली, नदी अडली आणि अख्खं गाव पाण्याखाली गेलं. "आपल्या माळीणसारखं," आई म्हणाली. माळीणला दरड थेट घरांवर आली, इथं आधी पाणी चढलं आणि माणसं निघू शकली. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बरं झालं."

प्राइस गाव मागे टाकलं आणि झाडं संपली. डाव्या हाताला बुक क्लिफ्सची लांबच लांब भिंत, तिच्या पायथ्याला राखेच्या रंगाचे उघडे ढिगारे. मॅन्कोस नावाची ही समुद्रतळाची माती. कधीकाळी इथं समुद्र होता हे आईला पटलं, पण इथं धान होत नाही तर लोक का राहतात हे पटलं नाही. ग्रीन रिव्हरला चहा घेतला. इथली खरबुजं नावाजलेली, पण ती उन्हाळ्याच्या शेवटी.

मोआबच्या अलीकडे कोलोरॅडो नदीवरचा पूल येतो. त्याच्या आधीच उजवीकडे लाल मातीचं मोठं उकरलेलं आवार दिसलं, ट्रक धावत होते. आईनं विचारलं, "धरण बांधून राहिले का?" धरण नाही. १९५६ साली सुरू झालेल्या युरेनियमच्या गिरणीचा हा उरलेला चोथा. १ कोटी ६० लाख टनांचा ढीग नदीच्या अगदी काठावर पडून होता. २००९ पासून तो आगगाडीत भरून ५० किलोमीटर उत्तरेला क्रेसेंट जंक्शनजवळ पुरायला नेत होते. आम्ही दुपारी त्याच जंक्शनवरून आलो होतो आणि तिथं मला फक्त एक पेट्रोल पंप दिसला होता.

मुक्कामाच्या खोलीत आईनं पहिल्यांदा नळाचं पाणी हुंगून पाहिलं.

शुक्रवार, ५ मे : आर्चेस

बुद्धपौर्णिमा. आईचा उपास नव्हता, पण तिनं पहाटे आंघोळ करून दिवा मात्र लावला. हॉटेलातल्या धुराच्या गजराची मला धास्ती होती. तो वाजला नाही.

त्या वर्षी सकाळी ७ ते दुपारी ४ च्या मध्ये आर्चेसमध्ये शिरायचं तर आधी वेळ राखून ठेवावी लागत होती. आमची वेळ आठची. १९२९ साली हे राष्ट्रीय स्मारक झालं, १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आत दोन हजारांवर दगडी कमानी आहेत. त्यांबद्दल मी लिहीत नाही. फोटो सगळीकडे आहेत, आणि समोर उभं राहिल्यावर माणसाला जे वाटायचं ते वाटतंच. आईनं विंडोज नावाच्या कमानीखाली उभं राहून वर पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पडत नाही का हे?" पडतं. २००८ मध्ये वॉल आर्च पडली.

वाळूच्या सपाटीवर मात्र आम्ही दीड तास घालवला. इथल्या जमिनीवर काळपट, खरखरीत, भाजलेल्या खरवडीसारखं कवच असतं. ते जिवंत असतं. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ मिळून वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात आणि हवेतला नत्र मातीत आणतात. पाऊल पडलं तर पूर्ववत व्हायला कित्येक वर्षं जातात. आई नेहमी बांधावरून चालणारी बाई. पिकात पाय टाकायचा नाही हे तिला शिकवावं लागत नाही. माझ्याआधी तीच एका पर्यटकाला हातानं खुणावून मागे सारत होती. भाषेची अडचण आली नाही.

आणि त्या कवचाच्या कडेला ते होतं. मला हवं ते नव्हे, त्याचं भावंड. चांदीसारख्या लवेनं भरलेली पानं, सगळं झुडूप जमिनीला धरून, मधून गुलाबी-जांभळ्या फुलांचे तुरे वर आलेले. आई गुडघ्यावर टेकली आणि फुलाची वरची पाकळी बोटानं हलकेच मागे केली. "हे त लाखोळीच्या वाणाचं आहे," ती म्हणाली. मग बाजूच्या पंखासारख्या पाकळ्या आणि खालची होडीसारखी दाखवली. तिला वनस्पतिशास्त्रातले शब्द ठाऊक नाहीत, पण वाटाण्याचं, तुरीचं, लाखोळीचं फूल एकाच घडणीचं असतं हे तिनं साठ वर्षं बघितलेलं आहे. आमचं शेत भंडारा जिल्ह्यात. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकून पेरायची, धान निघालं की ती उरलेल्या ओलाव्यावर वर येते. डिसेंबरात शेत निळं होतं.

"याच्या शेंगा कोणी खाते का?" तिनं विचारलं.

या झुडपाचं इथलं नाव वूली लोकोवीड. लोको म्हणजे स्पॅनिशमध्ये वेडा. घोडे, गुरं, मेंढ्या हे खात राहिली तर काही आठवड्यांत अडखळतात, नजर हरवते, साध्या काठीला बिचकतात, आणि शेवटी उभी राहू शकत नाहीत. सुरुवातीला जनावर तोंड लावत नाही, पण चारा नसला की लावतं, आणि मग सोडत नाही. विष झाडाचं स्वतःचं नसतं. झाडाच्या आत राहणारी एक बुरशी स्वेन्सोनीन नावाचं द्रव्य तयार करते आणि ते पेशींची आतली साफसफाई बंद पाडतं.

आई गप्प झाली. मग तिनं तिच्या लहानपणीच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. दुष्काळात महिनोन्महिने नुसती लाखोळी खाल्ली आणि त्याचे पाय गेले. दोन काठ्यांवर पाय ओढत तो देवळापर्यंत यायचा आणि पोरं त्याची नक्कल करायची. "मीही केली," ती म्हणाली. लाखोळीत मज्जातंतूंवर घाला घालणारं द्रव्य असतं. ताटात इतर काही असेल तर ती डाळ पचून जाते, तीच एक उरली तर पांगळं करते. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. तरी बांधीत ती पिकत राहिली, कारण पाणी नसतानाही येणारं दुसरं होतं काय?

हे झुडूपही त्याच कारणानं इथं टिकतं. पाणी नाही, नत्र नाही, तर मुळांवरच्या गाठींत जिवाणू पाळायचे आणि नत्र हवेतून घ्यायचा.

झुडपाच्या शास्त्रीय नावात एक बाई आहे. एलेन पॉवेल थॉम्पसन. कोलोरॅडो नदीतून पहिली मोहीम नेणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलची ती बहीण. १८७२ साली नवरा नकाशे काढत असताना ती कॅनॅबच्या आसपास तंबूत राहून झाडं गोळा करून दाबत होती. तिनं पाठवलेल्या नमुन्यांवरून या वाणाला तिचं नाव मिळालं. आईला हे फार आवडलं. "नवऱ्याच्या कामाच्या गावी बसून काहीतरी केलं तिनं," असं माझ्याकडे बघून म्हणाली. मी विषय बदलला.

संध्याकाळी डेलिकेट आर्चची चढण आईला झेपली नसती. खालच्या दर्शनस्थळावरून लांबूनच कमान पाहिली. तिथून जवळ वुल्फ नावाच्या माणसाचं लाकडी खोपट आहे, तो १८९८ मध्ये इथं आला. आणि त्या खोपटाच्या भोवतीच्या टेकड्या हिरवट आहेत, गवतानं नव्हे, मातीनं. हा मॉरिसन नावाचा खडकांचा थर. उद्या याच थरात जायचं होतं. चंद्र उगवला तेव्हा आई गाडीच्या बॉनेटला टेकून हात जोडून उभी होती.

शनिवार, ६ मे : यलो कॅट

या दिवसासाठी मी दोन महिने नकाशे बघत होते.

महामार्ग सोडून कच्च्या रस्त्यानं यलो कॅट भागात शिरलो. नाव झक्क आहे, पण गाव नाही, पाटी नाही, मोबाइलला रेंज नाही. इथली माती ओली झाली की साबणासारखी होते, म्हणून आदल्या दोन दिवसांचं आकाश तपासूनच आले होते. तरीही एका ओढ्याच्या वाळूत पुढचं चाक रुतलं. मी फावडं काढेपर्यंत आईनं दोन्ही हातांनी वाळू उपसायला घेतली, चाकाखाली दगड पसरले, आणि मला म्हणाली, "सावकाश सोड, दाबू नको." चिखलातली बैलगाडी काढणाऱ्या माणसाला वाळूतली मोटार काही वेगळी नसते. गाडी निघाली, पण पुढे न नेता तिथंच ठेवली. दीड किलोमीटर चाललो.

टेकडीच्या उतारावर पिवळट-करडे थर, मध्ये जुन्या खाणींचे उकिरडे आणि लाकडाचे तुटके ओंडके. काही तोंडं जाळ्या लावून बंद केलेली. आत जाऊ नये, छताचा भरवसा नाही आणि बंद खाणीत रेडॉन वायू साठतो. आईला मी ओरडून मागे ओढलं. ती म्हणाली, "मी काय लहान आहे?" आणि तिथून दहा पावलांवर थांबली.

कारण समोर ते होतं. ॲस्ट्रागॅलस प्रॉयसी. गुडघ्याएवढं ताठ झुडूप, उघड्या मातीतून निघालेलं, आजूबाजूला दुसरं काही नाही. लालसर देठ, भडक गुलाबी-जांभळी फुलं, आणि त्यांच्या खाली आकाशाकडे तोंड करून फुगलेल्या कागदी शेंगा. एक नव्हे. उतारावर वीस-पंचवीस. त्यांच्या मधून स्टॅन्लेयाचे उंच पिवळे झुपके. ते मोहरीच्या कुळातलं झाड, पण संगत कायम याचीच.

मी वाकले तसा वास आला. सडलेल्या लसणाचा. आईनं एक पान बोटांत चुरडून हुंगलं आणि तोंड फिरवलं. "फोडणी जळल्यासारखं!"

आता ती गोष्ट. हा वास सेलेनियमचा. गंधकाचा हा भाऊबंद. बहुतेक झाडांना तो विषारी, पण ॲस्ट्रागॅलसच्या काही जाती सेलेनियम असलेल्या मातीतच उगवतात आणि तो अंगात भरून घेतात, वाळलेल्या एका किलोत काही ग्रॅमपर्यंतसुद्धा. आणि कोलोरॅडो पठाराच्या या भागात युरेनियमचं पिवळं खनिज, कार्नोटाइट, बहुधा सेलेनियमला बरोबर घेऊनच असतं. म्हणजे जिथं हे झाड दाटीनं, तिथं खाली काहीतरी असायची शक्यता. हे ज्यांनी पद्धतशीर मांडलं त्या हेलन कॅनन, अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या. १९५० च्या दशकात त्या याच यलो कॅट परिसरात झाडं मोजत, पानांचं पृथक्करण करत, नकाशावर टिंबं देत फिरल्या. झाडांच्या खुणेवरून भोकं पाडली आणि खनिज लागलं. त्यांचा या भागावरचा अहवाल १९६४ साली निघाला. मी तो रात्री जागून वाचला आहे. पुस्तकी भाषा आहे, पण एवढ्या उन्हात एक बाई गुडघ्यावर बसून झाडाची पानं पिशवीत भरते आहे, हे त्यात न लिहिताही दिसतं.

आईनं मला थांबवलं. "म्हणजे झाड पाहून विहीर सांगतात तसं?"

अगदी तसं. आपल्याकडे पाणाडी उंबर बघतो आणि सांगतो, इथं खोदा. फरक एवढाच की उंबराखाली पाणी निघतं.

इथं जे निघालं त्याचं पुढे काय झालं? त्याआधीही हे खनिज खणत होतेच, आधी रेडियमसाठी, मग व्हॅनेडियम या धातूसाठी. मेरी क्यूरींना १९२१ मध्ये अमेरिकेनं भेट दिलेलं एक ग्रॅम रेडियम कोलोरॅडोतल्या पॅराडॉक्स खोऱ्यातल्या कार्नोटाइटपासून काढलेलं होतं. ते ठिकाण इथून लांब नाही. महायुद्धानंतर बॉम्बसाठी युरेनियम हवं झालं आणि सरकारनं जाहीर केलं, जो शोधेल त्याला बक्षीस. १९५२ मध्ये चार्ली स्टीनला मोआबच्या दक्षिणेला लिस्बन खोऱ्यात मोठा साठा लागला आणि मोआबमध्ये झुंबड उडाली. हवा खेळत नसलेल्या खाणींत माणसं उतरली. त्यांत इथले मूळ रहिवासी नवाहो लोक पुष्कळ. अनेकांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. भरपाईचा कायदा यायला १९९० उजाडलं.

आईनं खाणीच्या बंद तोंडाकडे पाहिलं. "त्यायले कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

ती काही बोलली नाही. खाली वाकून मागच्या वर्षीची एक वाळलेली शेंग देठावर हलवली. आत बिया खडखडल्या. "खुळखुळा," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. आमच्याकडे शेताच्या कडेला उगवणारा खुळखुळाही याच कुळातला. पोरं वाळलेल्या शेंगा कानाशी वाजवतात. ॲस्ट्रागॅलस हे ग्रीक नाव मुळात घोट्याच्या हाडाचं, आणि ती हाडं ग्रीक लोक फाशांसारखी टाकत. नाव का पडलं याची अनेक कारणं देतात, त्यातलं एक म्हणजे शेंगेतल्या बिया फाशांसारख्या वाजतात. मला हेच पटतं, कारण मी तो आवाज ऐकला आहे.

शेंग तोडून न्यायची तिची फार इच्छा होती. मी नाही म्हटलं. विषारी आहे, परदेशातलं बी आहे, आणि भंडाऱ्याच्या बांधीत हे उगवलं तर ढोरं खातील. शेवटचं कारण पटलं. शेंग देठावरच ठेवून ती उठली.

परतताना थॉम्पसन स्प्रिंग्जवरून सेगो कॅनियनला गेलो. खडकाच्या भिंतीवर हजारो वर्षांपूर्वी रंगवलेल्या मोठ्या आकृत्या आहेत, डोळे मोठे, हात-पाय नसलेल्या. शेजारच्या भिंतींवर फ्रीमाँट लोकांची आणि नंतरच्या यूट लोकांची चित्रं, त्यांत घोडे. आई त्या बिनहातांच्या आकृत्यांपुढे बराच वेळ थांबली, पण मी दमले होते आणि त्याबद्दल मनात फार काही उरलं नाही.

रविवार, ७ मे : कॅनियनलँड्स आणि परत

सकाळी कॅनियनलँड्समधलं आयलंड इन द स्काय हे पठार. कड्यावरून खाली पाहिलं की पांढऱ्या दगडाच्या कठड्यावरून जाणारा एक बारीक रस्ता दिसतो. लोक जीप आणि सायकली घेऊन तीन-तीन दिवस त्यावर हिंडतात. तोही १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी केलेला आहे. इथलं राष्ट्रीय उद्यान नंतरचं, १९६४ चं. कालपासून माझी अडचण झाली होती. कुठलाही सुंदर रस्ता दिसला की मनात यायचं, हा कशासाठी केला असेल?

आईला अडचण नव्हती. तिनं शेजारच्या एका सरदारजी कुटुंबाशी बोलणं काढलं. ते कॅलिफोर्नियातले, बदामाची बाग असलेले. दहा मिनिटांत बदामाला पाणी किती लागतं, मजूर कुठून येतात, भाव कोण पाडतो हे सगळं तिनं काढून घेतलं. कडा मी एकटीच पाहिला.

परतीच्या वाटेवर क्रेसेंट जंक्शनला थांबलो. लांब कुंपणामागे सपाट, करड्या मातीचा बांध. मॅन्कोसच्याच मातीत मॅन्कोससारखा दिसणारा. मोआबचा ढीग इथं येऊन झोपत होता. आईनं काच खाली केली, पाहिलं, काच वर केली.

"याच्यावर ते फूल उगवेल?"

मी बराच वेळ गाडी चालवत राहिले. सेलेनियम या करड्या मातीतही असतो. पेट्रोल पंपाच्या मागच्या उतारावर मी पिवळे स्टॅन्लेया येतानाच पाहिले होते.

सोल्जर समिटला रस्त्याच्या कडेला बर्फ अजून होतं. आईनं उतरून मूठभर घेतलं, थोडं चाखलं, मग तोंड पुसलं. रात्री साडेआठला घरी पोचलो. नवरा डिकीतून सामान काढत होता. बुटांची पिशवी उचलली आणि नाकाशी धरून म्हणाला, "आई, लसूण कुठून मिळाला तुम्हाला?"

आईनं पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. "बाहेर ठेवा. खायचा नाही तो."